बाराव्याचं बोलावणं

मंडळी, एक विचारतो. खरं सांगायचं हं, देवासमोर बसलाय! पोराला 'लिहायला बस' म्हणून ओरडता ना? मग तुमच्या हातात पेन शेवटचं कधी होतं? अहो माई, हसू नका, तुमच्याकडेही येतो!

ऐका तर. भिकाजी तांबट म्हणून एक गृहस्थ. लेक यमू, तिसरीत. भिकाजी रोज दिवेलागणीला सुपारी कातरत ओरडणार, "यमे, दहा ओळी काढ!" आणि यमू म्हणणार, "शाळेत लिहिते की! घरी कोण लिहितं?" — घरी कोण लिहितं! बघा, पोरगी काय बोलून गेली!

अशात भिकाजीला मुलगा झाला. आनंदीआनंद! पण बाळाच्या कानात नाव सांगणार कोण? आत्या! आणि आत्या एकच — गोदाक्का, चार तालुके पलीकडे. ती आली नाही तर बाळ बिननावाचं! भिकाजीनं पुड्याच्या कागदावर मजकूर खरडला नि म्हणाला, "यमे, कार्डावर उतरव."

यमूनं वाचलं. "बाबा, हे असं...?"

"मधे बोलू नकोस! कित्ता दिलाय तो गिरव. जसाच्या तसा!"

गिरवला. कार्ड गेलं.

बारशाचा दिवस. पाळणा सजलाय, घुगऱ्या शिजल्यात, आणि दारातून हंबरडा — "अरे माझ्या सोन्या रे!" गोदाक्का! केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. बायका गार! पाळण्यातलं बाळही घाबरून रडायला लागलं.

गोदाक्का थबकली. "हे रडतंय कोण?"

"आक्का, बाळ!"

"मग गेलं कोण?"

तिनं कार्ड पुढे केलं. लिहिलं होतं — 'बाळाच्या बाराव्याला नक्की ये'! अहो, बाराव्या दिवशी बारसं, म्हणून काय बारावं?

भिकाजी तापला. "यमे! तरी रोज सांगतो, लिही, लिही!"

यमू आत गेली. पुड्याचा कागद आणून आत्याच्या हातात दिला. "अक्षर बाबांचं आहे. मी नुसता कित्ता गिरवला."

आक्कानं वाचलं. बाळाला उराशी धरलं, पुन्हा रडली, पण हे रडणं वेगळं हो! मग बाळाच्या कानात नाव सांगितलं. आता रीत काय? आत्याच्या पाठीत धपाटे! त्या दिवशी धपाटे बसले भावाच्या पाठीत — "मेल्या, जित्या लेकराचं बारावं घालतोस?"

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला भिकाजी वही घेऊन बसला. 'बारसं, बारसं, बारस.' कुणी बोलावलं नव्हतं, तरी यमू शेजारी येऊन बसली. म्हणाली, "बाबा, अनुस्वार राहिला." आणि आपली वही उघडली.

तेव्हा मंडळी, आज घरी गेलात की पोरांना हाक मारू नका. मुकाट्यानं बसा, चार ओळी लिहा. पोरं कित्ता गिरवतातच हो! घरात कित्ता आहे का, तेवढं बघा. चला, वाजवा टाळी, घ्या त्या विठ्ठलाचं नाव — आणि माई, उद्या वही दाखवायची हं!