पिठाच्या पाकिटावरचा वसुधाचा फोटो

प्राचार्य महोदय, वसुधाच्या सहकारी अध्यापकांनो, तिच्या विद्यार्थिनींनो, आणि मोहोळ-सांगोल्याहून उन्हातून आलेल्या आप्तांनो,

आपण वसुधासाठी आलात, याबद्दल तिचा पती म्हणून मी आपला ऋणी आहे. मला सभेत बोलण्याची सवय नाही. मी विमा कार्यालयातून निवृत्त झालेला वाणिज्य पदवीधर. आमच्या घरी बोलायचे काम तिचे, ऐकायचे माझे. आज त्याच्या उलट करावे लागते आहे, आणि ते फार जड जाते आहे.

आभार मानून खाली बसायचे, असे मी ठरवून आलो होतो. आता ते शक्य नाही. कारण दारातच आपल्या प्रत्येकाच्या हाती एक पाकीट देण्यात आले आहे.

कृपया ते पाहा. आत ज्वारीच्या कोंड्याचे पीठ आहे. वर वसुधाचा फोटो आहे. माझ्यामागे हार घातलेला आहे, तोच. आणि फोटोखाली छापले आहे, ‘डॉ. वसुधाताईंच्या संशोधनाने सिद्ध! साखरेच्या गोळ्या कायमच्या बंद!’

सिद्ध? कोणी सिद्ध केले? कुठे?

हे पाकीट तिच्या सख्ख्या भावाने काढले आहे. बाळासाहेबांची मोहोळला पिठाची गिरणी आहे. ते पहिल्याच रांगेत बसले आहेत. सभेला लागेल म्हणून हा फोटो त्यांनी माझ्याकडूनच नेला होता. मघाशी दारात मी जाब विचारला, तर म्हणाले, “दाजी, अक्काचंच नाव मोठं करतोय की. लोकं फुलं वाहत्यात, मी पीठ वाटतोय. त्यात एवढं काय?”

त्यात एवढं काय, तेच सांगायला मी उभा आहे.

आपण भाकरी खातो. तिच्यातला काही भाग आपल्याला पचत नाही. तो मोठ्या आतड्यात जातो. तिथले जिवाणू तो आंबवतात, आणि त्यातून काही लहान मेदाम्ले तयार होतात. पेशींवर रिसेप्टर असतात, म्हणजे निरोप घेणाऱ्या जागा. ही आम्ले तिथे जाऊन बसतात. मग त्या पेशी पुढे निरोप धाडतात. भुकेचे, साखरेचे, सुजेचे. या जागांवर नेमके काम करणारे औषध बनवता येईल का, एवढाच वसुधाचा प्रश्न होता. प्रश्न, बाळासाहेब. उत्तर नव्हे.

मीही एकदा जेवताना अधीरपणे विचारले होते, “मग बनवा की औषध. अडले कुठे?” ती म्हणाली, “अहो, आपल्या इमारतीत सगळ्यांच्या दाराला एकसारखी बेल आहे. आपली वाजली तर तुम्ही चष्मा शोधत उठता. वरच्या मजल्यावरची वाजली तर त्यांचा कुत्रा अंगावर येतो. बेल तीच. दाराआड कोण आहे, ते आधी कळायला नको?” तोच रिसेप्टर आतड्याच्या पेशीवर एक काम करतो, रोगाशी लढणाऱ्या पेशीवर दुसरे. उंदरात जे दिसते, ते माणसात दिसेलच असे नाही. हे तिने मला भाकरी मोडत समजावले. मला समजले. मग इतरांना का समजू नये?

प्राचार्य महोदय, क्षमा असावी, पण आपणही आत्ता तिला ‘मधुमेहावरील नव्या औषधाच्या जनक’ म्हणालात. असे औषध तिने बनवलेले नाही. ज्वारीचे आतड्यात काय होते, हे पाहायला तिला माणसांच्या विष्ठेचे नमुने लागत. ते ठेवायला तिने याच महाविद्यालयाकडे एक फ्रिज मागितला होता. तो मिळाला नाही. मिळाला तो स्टाफरूममधला विनोद. “काय मॅडम, आज कुणाचा प्रसाद?” ती म्हणायची, “सर, तुमच्यासाठी राखून ठेवलाय.” अखेर आमच्या स्वयंपाकघरातला फ्रिज मी टेम्पोत घालून प्रयोगशाळेत पोहोचवला. तो आजही तिथेच आहे. माणूस असताना नाक दाबायचे आणि गेल्यावर त्याला जनक ठरवायचे, हा कोणता न्याय? तिने जे केले तेवढेच म्हणा. ते पुरेसे मोठे आहे.

बाळासाहेब, आपण उठू नका. माझे बोलणे पूर्ण होऊ द्या.

ती रुग्णालयात होती. न्यूमोनियाने तिला धड बोलता येत नव्हते. तेव्हा आपण या पिठाचा नमुना घेऊन आलात. म्हणालात, “अक्का, तूच महिला मंडळात म्हणालीस की, ज्वारी खावा, चांगली असती.” तिने मास्क बाजूला केला. “खा म्हणाले. गोळ्या सोडा म्हणाले का रे?” आपण म्हणालात, “पण मला लई हलकं वाटतंय.” ती म्हणाली, “वाटतंय ना? मग रक्त तपासून ये. आणि माझं नाव कशावर घालू नकोस, बाळ्या.”

हे मी माझ्या कानांनी ऐकले आहे. ती होती तोवर पाकीट निघाले नाही. ती गेली आणि निघाले. वसुधा नाही म्हणू शकत होती. फोटोला ते जमत नाही. म्हणून तिच्या वतीने मी नाही म्हणतो आहे. भर सभेत म्हणतो आहे.

आणखी एक. हे चारचौघांत बोलणे शिष्टाचाराला धरून नाही, याची मला जाणीव आहे. मघाशी बाळासाहेबांच्या पत्नी शालनवहिनींनी मला बाजूला घेतले. म्हणाल्या, “दाजी, ह्यांनी गोळ्या सोडल्यात. पायाची जखम भरंना झालीया. तुमीच सांगा, माझं ऐकत न्हाईत.” त्यांनी गोळ्यांची पट्टी माझ्या हातात दिली. ती या खिशात आहे.

बाळासाहेब, आपण आज लंगडत आत आलात. मला वाटले, दुःखाने पाऊल उचलत नसेल. आपण हे लोकांना फसवायला करत नाही, आपला त्यावर खरोखर विश्वास आहे, आणि माझा संताप त्याचाच आहे! आपल्या बहिणीच्या नावावर विश्वास ठेवून आपण आपला पाय घालवणार? तिच्या फोटोखाली? या घरातून आत्ताच एक माणूस गेले आहे. दुसरे मी जाऊ देणार नाही. उद्या सकाळी आपण माझ्याबरोबर डॉक्टरांकडे येत आहात. ही विनंती नाही.

उपस्थितांनो, जाताना पाकिटे दाराजवळच्या टेबलावर ठेवा. एकही घरी नेऊ नका. ज्वारी जरूर खा. आणि आपली औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका.

तिच्या विद्यार्थिनींना आठवत असेल. वर्गात कोणी असा प्रश्न विचारला, ज्याचे उत्तर अजून कोणालाच ठाऊक नाही, की ती खडू खाली ठेवायची. काही क्षण गप्प उभी राहायची. मग म्हणायची, “माहीत नाही. शोधू.”

तिच्यासाठी आज आपण तेवढेच गप्प उभे राहू.

बाळासाहेब, आपण तिथे नको. शालनवहिनी, त्यांना हात द्या. पाकीट खाली ठेवा आणि इथे, तिच्यासमोर, माझ्या शेजारी येऊन उभे राहा.

ते येईपर्यंत आपण थांबू.