आत्ता नको

बघा, बघा काकू, तुम्ही पण 'नको'च दाबलं — आता कसं? नाय, उठू नका, चित्रं काढायला आम्ही उड्या मारून बघतो त्याचा आवाज खाली तुमच्याकडं येतो म्हणून भांडायला आलात ना, ते भांडू की नंतर, वरची ही खोली तुमचीच, आम्ही भाडेकरू कुठं पळून चाललो — पण आत्ता ही पडद्यावरची पोरगी तुमच्या हातून बुरुजावरून पडली, परत पडली, परत पडली, अन् गेमनं किती अदबीनं विचारलं, 'मदत हवी का?' — तुम्ही काय केलं? लगेच 'नको'. का? लाज वाटली, व्हय ना? अहो, सगळ्यांनाच वाटते. काल दोस्तांना खेळायला बसवलं, तर संघपाल घामानं निथळला, तरी 'नको'. मेघा रडकुंडीला आली, तरी 'नको'. आपल्याकडं पहिल्यांदा विचारलं की माणूस 'नको'च म्हणतो — मी तुमच्याकडं येते, तुम्ही म्हणता चहा टाकू का विशाखा, मी म्हणते नको काकू — म्हणून तुम्ही कधी गॅस बंद केलाय का? अगं घे, अर्धा कप घे, म्हणता, मग मी पुरा पिते, वर खारी बी खाते.

पण आमचा प्रणय — भजे आणायला गेलाय आता — चित्रं माझी, पण गेम चालतो तो त्याच्या डोक्यानं — त्यानं असं करून ठेवलंय की एकदा 'नको' म्हणलं की संपलं, गेम पुन्हा जन्मात विचारणार नाय. माणूस रडू दे, रिमोट फेकू दे. मी म्हणलं, अरे, दुसऱ्यांदा विचार की. तर म्हणतो, समोरच्यानं नको म्हणलं म्हणजे नको, मागं लागणं हा त्याचा अपमान आहे. तत्त्वाचा लई पक्का. अन् खरं बी आहे ओ त्याचं, मागं लागणारे काय कमी बघितलेत का आपण. पण मदत म्हणजे काय मोठी — पोरगी जरा हळू पडणार, हवेत एक उडी जास्त मारणार, अन् मेली तर पार खालच्या वेशीपासून नाय, त्याच पायरीवरून उठणार. किल्ला तोच, चढायचं तुम्हालाच. दौलताबाद किल्ल्याच्या अंधारीत, त्या काळोख्या भुयारात, आपण बॅटरी लावून जातो, म्हणून किल्ला चढलो नाय असं होतं का?

मग मी काय केलं माहितंय — त्याला न सांगता तिसरं बटण काढलं. हे बघा. 'हो', 'नको', अन् मधी 'आत्ता नको'. दाबू नका, नुसतं चित्र आहे, त्याच्यात जीव त्यालाच घालावा लागंल. हे दाबलं की गेमनं गप बसायचं, पण वरच्या बुरुजाला अजून एकदा विचारायचं. आज संध्याकाळी गेम सगळ्यांना खुला करायचाय, त्याच्या आत त्याला पटवायचंय मला.

हसा, हसा. मला बी सकाळपासून उगंच हसू यायलंय. एवढं काय आहे त्या बटणात? काकू, बटणाचं नाय ओ ते — उन्हाळ्यात औरंगपुऱ्यात रसवंतीवर त्यानं मला विचारलं, लग्न करायचं का आपण. रस नाकात गेला माझ्या. मी म्हणलं, 'आत्ता नको.' म्हणजे आत्ता नको — गेम अर्धा होता, गावी कन्नडला आईला सांगायचं होतं, नाकात रस होता — अन् ह्या माणसानं त्यातलं 'नको' तेवढं ऐकलं. 'बरं' म्हणाला, ग्लास ठेवला. त्यानंतर एक शब्द नाय. मी वाट बघायले, तो तत्त्व पाळायलाय. काय म्हणता? तूच विचार? बरोबर आहे तुमचं, मीच विचारायला पाहिजे. जयंतीला स्टेजवर उभी राहून भाषणं ठोकते मी, अन् इथं जीभ उचलत नाय. लई आवडतो ओ मला तो. इतका की ह्या पोरीचं चालणं काढता काढता त्याचंच चालणं काढून बसले, तसाच एक खांदा पाडून, तशीच मान —

दाराकडं काय बघायलात तुम्ही?

कधीपासून उभा आहेस रे? नाय, खरं सांग. रसवंतीपासून? मग भजे गार झाले असतील की. हसू नको — मी बटणाचंच बोलत होते. विचार ना मग, कुणी अडवलंय? नाय, थांब, तू थांब, तू परत विचारलंस तर तुझं तत्त्व मोडंल, अन् मग जन्मभर मला ऐकवशील — मीच विचारते. प्रणय, करायचं का आपण लग्न?

नुसती 'हो' म्हणून मुंडी काय हलवतोस, तोंडानं बोल.

काकू, रिमोट ठेवा ओ तुम्ही खाली. जा ना आता घरी — अन् दार ओढून घ्या.