उंबऱ्यावरचा दहीभात

आमचं मूळ गाव कुठलं म्हणून विचारलंत तर मला सांगता येणार नाही. तीनशे-साडेतीनशे वर्षांमागे कुठल्याशा फौजेबरोबर तंबू शिवायला आमचे लोक बेंगळुरात आले, फौज परत गेली आणि हे राहिले, एवढंच घरात सांगतात. तंबूंनंतर शेरवान्या शिवल्या, मग साहेब लोकांचे कोट, आणि आता चिकपेटच्या मागच्या गल्लीत अस्तर, बटणं, लेस आणि साडीचे फॉल विकतो. खाली दुकान, मागे आणि वर घर. आमची मराठी अशी, निम्मी कन्नड. पुण्याहून आलेले हसतात, हसू देत. मी शकुंतला, वय एकोणसाठ. बाविसाव्या वर्षी हुबळीला दिली, चाळिसाव्या वर्षी नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, तर शिलाई मशीन आणि दोन ट्रंका घेऊन माहेरी आले आणि दुसऱ्या दिवशी पोटमाळ्यावर फॉल-पिको करायला बसले. रडायला वेळ कुठला, लग्नसराई होती.

आधी घर सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमचं घर आगगाडीच्या डब्यासारखं, अरुंद आणि लांब. पुढे दुकान, मग मालाची खोली, मग स्वयंपाकघर, आणि त्याच्या दाराबाहेर मागची मोकळी जागा, तिला आम्ही हित्तल म्हणतो. हित्तलाच्या कोपऱ्यात जुना संडास, पत्र्याचं दार, आत नळ. वर नंतर फ्लशचा बांधला, तरी खालचा चालूच होता. पण दुपारी दोन ते चार खालच्या संडासात कुणी जायचं नाही, पोरांनीसुद्धा नाही, ही आमच्या घरातली रीत. का, तर त्या वेळेला तिथं हित्तलातला येतो.

काय सांगू तुम्हाला, ऐकायला हसू येईल. जेवणं होऊन दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं असायचं, सगळे चटईवर आडवे, आणि मागून कडी लागल्याचा आवाज यायचा. मग नळ. रिकाम्या भांड्यात पाणी पडायचं, भरत आलं की आवाज बारीक होतो बघा, तसा बारीक व्हायचा आणि नळ बंद. मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. आणि मग परत नळ. हित्तलातला आलाय, एवढंच आजी म्हणायची आणि कूस बदलायची. तो ओळीनं चार दिवस आला तर वर्षाच्या आत घरातलं एक माणूस जातं, असं होतं. आजोबांच्या आधी आला, थोरल्या काकांच्या आधी आला. माझ्या वडलांच्या आधी आला तेव्हा मी एकोणीस वर्षांची, आईशेजारी पडलेली, स्वतःच्या कानांनी ऐकलाय मी. मी तोंड उघडलंही नव्हतं तरी आईनं माझ्या तोंडावर हात दाबून धरला.

त्याला काय करायचं तेही ठरलेलं. घरातल्या बाईनं केळीच्या पानाच्या तुकड्यावर दहीभाताचा गोळा ठेवायचा, मागचं दार हाताएवढं उघडायचं, पान उंबऱ्यावर सरकवायचं आणि बाहेर न बघता दार लावायचं. कोण आहे म्हणून विचारायचं नाही. विचारलं तर तो विचारणाऱ्याचंच नाव सांगतो. वडील आठ महिन्यांनी गेले. कशानं म्हणून कुणी विचारलं तर मूळव्याध म्हणायचं. काकांचं पोटातली उष्णता. आजोबांचं, वाळत गेले. पाव इंचानं बाही चुकली तर उसवणारी माणसं आम्ही, पण ही मापं कुणी एकमेकांना लावून बघितली नाहीत.

आता पाच वर्षांपूर्वीचं सांगते. तेव्हा घरात माझा धाकटा भाऊ श्रीधर, त्याची बायको पद्मा, मी, आणि वडलांची बहीण गोदाआत्या, ती तेव्हा ऐंशीची. श्रीधरची एकुलती मुलगी मेघना सर्जापूर रोडला मैत्रिणींबरोबर फ्लॅट घेऊन राहायची, कॉम्प्युटरची नोकरी. संक्रांत होऊन ऊन तापायला लागलं होतं. मी पाणी प्यायला खाली आले तर गोदाआत्या चटईवर ताठ बसलेली, ओठांवर बोट. मागं नळ वाजत होता. खोटं कशाला बोलू, माझ्या हातावर काटा आला. आत्यानं भात कालवला, पान सरकवलं, दार लावलं. असं चार दिवस.

चौथ्या दिवशी चार वाजून गेल्यावर मी मागे गेले, नळ बघायला. आमच्या त्या नळाचा वॉशर गेलेला, कुणीही बंद केला तरी ठिबकायचा. त्या दिवशी एक थेंब नव्हता. इतका घट्ट आवळलेला की मला दोन्ही हात लावावे लागले. तेव्हा मी मनाशी म्हटलं, भुताला एवढं मनगट असतं होय?

पाचव्या दिवशी आवाज आला, आत्यानं पान सरकवलं, तशी मी उठले. गोदाआत्यानं माझा पदर धरला, नको गं, नाव घेईल. मी पदर सोडवला, उंबऱ्यावरचा भात ओलांडला आणि पत्र्याच्या दारापाशी जाऊन उभी राहिले. कोण आहे, म्हणून विचारलं. नळ चालू होता तो बंद झाला. डोक्यावर ऊन, पुढं बाजारात एवढी गर्दी पण हित्तलात त्यातलं काही ऐकू येत नाही, विहिरीत उतरल्यासारखं होतं. आत कुणीतरी श्वास दाबून धरलाय हे मला कळत होतं. दाराखालून पाण्याचा ओघळ आला, माझ्या अंगठ्यापर्यंत आला, तो गुलाबी होता. मग कडी निघाली, दार उघडलं आणि माझे वडील बाहेर आले. मी बघितलं तसं सांगते तुम्हाला. तोच वाक, एक हात पोटावर, तोच पिवळा चेहरा. मग ते म्हणाले, अक्का, तू कशाला आलीस, आणि तो श्रीधर झाला.

किती दिवस झाले, मी विचारलं. दसऱ्यापासून, म्हणाला, मूळव्याध आहे गं, स्वल्प रक्त जातं, उष्णता. मग वर का जात नाहीस? वर पद्माला ऐकू जातं. आणि दुपारीच का? तर हसला. म्हणाला, दुपारी इकडं कुणी येत नाही ना. गेले चार दिवस हा भात बघतोय, पहिल्या दिवशी दचकलो, कुणासाठी ठेवलाय, आणि मग कळलं. मग काय केलंस? काय करणार अक्का, ओलांडला आणि येऊन पद्माशेजारी झोपलो.

मी तिथंच पायरीवर बसले. म्हणजे वडलांनीही ओलांडला असणार. आईनं ठेवलेलं पान त्यांनी बघितलं असणार, कुणासाठी ते ओळखलं असणार, आणि आत येऊन आमच्या शेजारी गुपचूप पडले असणार. आणि आईनं डोळे गच्च मिटून घेतलेले, कारण कोण आत येतंय ते बघायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा बोलावली आणि त्याला दवाखान्यात नेलं, तो नको-नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. डॉक्टरीणबाई माझ्यासारखीच, कामापुरतं बोलणारी. घरात आणखी कुणाला होतं का म्हणून विचारलं तिनं. मी म्हटलं कुणाला नाही, मूळव्याध आहे आमच्यात. कोण कोण आणि कितव्या वर्षी गेले, सांगा. मी सांगत गेले तसं ती कागदावर चौकोन काढत गेली आणि एकेकावर काट मारत गेली, आणि पेन खाली ठेवून म्हणाली, अम्मा, मूळव्याधीनं एवढी माणसं मरत नाहीत. यात आतड्यात आधी कोंब येतात, वर्षानुवर्षं नुसते बसून असतात, मग बिघडतात, कॅन्सर होतो. वेळेवर बघितलं तर दुर्बिणीतूनच काढून टाकता येतात. श्रीधरची वेळ गेली होती. ऑपरेशन झालं, पोटावर शौचाची पिशवी आली, चौदा महिने जगला. पिशवीवर शर्ट घालून दुकानात बसायचा, लेस मोजून द्यायचा. कुणी विचारलं तर आता मात्र सांगायचा.

त्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बोट केलं. तुमचंही बघायला पाहिजे.

तपासणीच्या आदल्या दिवशी पोट साफ करायला पावडर देतात, दोन लिटर पाण्यात घालून प्यायची, समुद्रात लिंबू पिळल्यासारखी चव. त्या दिवशी भात-भाकरी काही नाही, नुसतं शहाळ्याचं पाणी आणि काळा चहा. वरचा संडास श्रीधरच्या पिशवीसाठी ठेवलेला, म्हणून मी खाली हित्तलात. किती वेळा गेले ते विचारू नका. दुपार झाली. आठव्यांदा का नवव्यांदा दार उघडून बाहेर आले तर समोर उंबऱ्यावर केळीच्या पानाचा तुकडा, त्यावर दहीभात.

मी त्या बाजूनं कधी बघितलं नव्हतं हो. दार बंद. खिडकी बंद. आमचंच घर, पण त्या बाजूनं दुसऱ्याच कुणाचं तरी दिसत होतं, आणि दाराच्या आड श्वास धरून कुणीतरी उभं होतं, मी जाण्याची वाट बघत. एक क्षण मला खरंच कळेना मी किती दिवस बाहेर आहे. अंगावर कुठली साडी आहे ते खाली बघून खात्री केली. आणि मग भूक लागली. कडकडून. मी दारावर थापा मारल्या, ओरडले, गोदाआत्या, मी आहे, शकू, आणि आज मला भात चालत नाही! आत ताट पडलं. आय्यो, बाहेरून नाव काय सांगतेस भवाने, म्हणत तिनं दार उघडलं, आणि मला आणि तिला असं हसू आलं की मला परत पळावं लागलं.

तपासणीचं एवढं काही नाही. डाव्या कुशीवर झोपवतात, गुडघे पोटाशी. मी म्हटलं झोप कमी द्या, मला बघायचंय. पडद्यावर ओली, गुलाबी गुहा, दिवा पुढे जाईल तसं वळण उलगडायचं आणि त्याच्या पलीकडे परत अंधार. कुठलाच आवाज नाही. प्रत्येक वळणाला मला वाटायचं आता कुणीतरी दिसेल. आणि दिसले. एक इथं, एक तिथं, मोगऱ्याच्या कळ्यांएवढे, भिंतीला टेकून बसलेले. बाई मोजत होती, वंदु, एरडु, मूरु. अकरा निघाले. तारेच्या फासानं एकेक काढला. दुखलं नाही. मी वडलांची मुलगी आहे हे इतकं स्पष्ट मला कधी कुणी दाखवलं नव्हतं.

श्रीधर जायच्या आधी म्हणाला, अक्का, मेघनाला ने. बारावा झाला, पाहुणे गेले, तेव्हा मी तिच्याकडे विषय काढला. मला ती अत्ते म्हणते. अत्ते प्लीज, म्हणाली, मला कळायलाच नकोय, कळलं तर रोज घाबरत बसू का? मी म्हटलं तुझ्या बाबांनी सांगितलंय. तर उसळली. तुम्ही बायकांनी माझ्या बाबांना जिवंतपणी भात घातलात, आणि आता मला शहाणपण शिकवता? मी म्हटलं, हो, घातला. आणि तुझ्या बाबांनी तो ओलांडला आणि तोंड मिटून आत आले. तेही त्यांनी केलं. तू काय करायचं ते तू बघ. दोन महिने तिनं माझ्याशी बोलणं टाकलं. मी फोन केला नाही. पण त्या दोन महिन्यांत मला शिवताना टाके सरळ आले नाहीत, हे कुणाला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. मग एक दिवस तिचाच फोन, अत्ते, गुरुवारी जातेय, इंजेक्शननंतर एकटीला सोडत नाहीत म्हणे. सरी, मी म्हटलं, किती वाजता येऊ?

तिनं झोपेचं इंजेक्शन पूर्ण घेतलं. बाहेर आणली तेव्हा डोळे अर्धे उघडे होते, माझा हात धरला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, अत्ते, आत खूप जण बसलेत. ओळीनं. कुणी बोलत नाही. एक जण सरकला आणि त्यानं मला जागा दिली. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण विचारलं की हो मी, कान तिच्या तोंडाशी नेऊन विचारलं, मग, बसलीस? नाही म्हणाली, मला ऑफिस आहे. आणि झोपली. नर्स म्हणाली औषधाचा अंमल, सगळे काहीबाही बोलतात. पाच कोंब निघाले. एकही बिघडलेला नव्हता. उठल्यावर तिला काही आठवत नव्हतं, मसाला डोसा पाहिजे म्हणाली, दोन खाल्ले. ती काय बोलली ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.

आता दर वर्षी आम्ही दोघी जातो, एकाच दिवशी नंबर लावतो. या मार्गशीर्षात तिचं लग्न आहे, मुलगा के. आर. पुरमचा, आपल्यातलाच. बोलणी पक्की व्हायच्या आधी मी मुलाच्या आईला बाजूला घेऊन बसले. पद्मा डोळ्यांनी खुणावत होती, नको, नको. मी म्हटलं, बाई, आमच्यात हे असं आहे, मुलीला दर वर्षी दुर्बीण लागते, पुढं मुलं झाली तर त्यांचंही बघावं लागेल, हे ऐकून नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा. त्या बाईंनी कप खाली ठेवला. मग दाराकडे एकदा बघून घेतलं आणि अगदी हळू म्हणाल्या, माझे दोन भाऊ गेले हो. आम्हीही मूळव्याधच म्हणतो.

मी डॉक्टरीणबाईंचा नंबर लिहून दिला. त्यांनी तो ब्लाउजमध्ये ठेवला, पर्समध्ये नाही. मग मोठ्या आवाजात म्हणाल्या, मुलगी आम्हाला पसंत आहे.

एवढंच माझं सांगणं. तुम्ही इतका वेळ लिहून घेतलंत, जेवून जा. आणि आशीर्वादच द्यायचा तर हा घ्या, खूप म्हाताऱ्या व्हा, पोट साफ राहो, आणि तुमचं काय दुखतंय ते घरात सगळ्यांना ठाऊक असो.