वादळ जपाला बसतं तेव्हा

नाही, मला सांगा, नऊ ड्रम घेऊन बसणाऱ्या माणसाच्या हातात कुणी टाळ देतं का? टाळ! वीस वर्षं मी या माणसाच्या मागे बसून ड्रम बडवतोय, अख्खं जग याला 'वादळ' म्हणतं, हा गायला लागला की मैदानं भरतात, लोक खुर्च्यांवर चढतात, आणि हा... हा एका म्हाताऱ्या गुरूंकडे दीड महिना राहून आला काय आणि थेट स्टुडिओत मांडी घालून जपाला बसला काय! आम्ही चौघं वाद्यं जुळवून ताटकळतोय, याची माळ आपली सरकतेय. आणि रागवायला जावं, तर हा हसतो!

तुम्हाला सांगतो, पूर्वी हा गिटार आपटून फोडायचा. आता उचलण्याआधी तिला नमस्कार करतो! मला वाटलं, महिन्याभराचं खूळ आहे, जाईल. कसलं जातंय! दारू सुटली, शिव्या सुटल्या, सात वर्षं तोंड न बघितलेल्या थोरल्या भावाला फोन लावून म्हणाला, "दादा, चुकलो." मी तिथंच होतो हो... उगीच ड्रमचा स्क्रू पिळत बसलो, डोळ्यांतलं पाणी दिसू नये म्हणून.

मग ते गाणं. अकरा मिनिटं! शब्द किती? एक. 'कृष्ण'. आणि मला ड्रम नाहीत, नुसते टाळ! कंपनीचे साहेब आले, चाल ऐकली, चष्मा काढून टेबलावर ठेवला, "हे नाव काढा. नाहीतर रेकॉर्ड निघणार नाही." झालं! घरी माझी दोन मुलं शिकतायत! याने शांतपणे माळ खिशात ठेवली.

"साहेब, नाव काढायचंच असेल तर कव्हरवरचं माझं काढा. त्याचं राहू दे."

"वेड लागलंय का? तुझ्याच नावावर खपतं सगळं!"

"म्हणूनच म्हणतोय."

साहेब दार आपटून गेले. मी उसळलो, "अरे, आमच्या पोटापाण्याचं काय?" रागवायला जावं, तर हा हसतो! म्हणतो, "गड्या, आधी वाजवून तरी बघ."

वाजवलं. दातओठ खात वाजवलं! दोन मिनिटं, तीन मिनिटं... मग काय झालं कुणास ठाऊक, डोळे कधी मिटले कळलंच नाही. उघडले तेव्हा गाणं संपलेलं, आणि दारात साहेब! विसरलेला चष्मा न्यायला आले होते म्हणे, चष्मा टेबलावरच, आणि हे उभे आपले खांबासारखे. "कव्हर कोरं ठेवू," एवढंच बोलले.

निघाली रेकॉर्ड, कोऱ्या कव्हरची! लोकांनी पहिल्याच सुराला आवाज ओळखला. आता मैदानात साठ हजार माणसं एकच शब्द गातात, आणि हा मान खाली घालून ऐकत उभा! नाव पुसून एवढं नाव कुणाचं झालंय का हो?

आणि मी? घरी टाळांचा सराव करतो. वीस वर्षं भिंत ठोकून "बंद करा तो धिंगाणा!" म्हणणाऱ्या शेजारीणबाई परवा दारात उभ्या. म्हटलं, आलं भांडण. तर म्हणतात कशा, "भाऊ, जरा मोठ्यानं वाजवा ना, आमच्याकडे नीट ऐकू येत नाही!"

वीस वर्षांत मला आलेली ही पहिली फर्माईश. बसलोय वाजवत... काय करता!