आडनावाचा रकाना

(साल २००६. सदाशिव पेठेतला फ्लॅट. नंदाकाकूंची भाडेकरू मैत्री पंधरा दिवसांनी परतली आहे. सोबत नागपूरहून आलेले तिचे वडील, रतन.)

नंदाकाकू : …आणि चिठ्ठीत काय, तर ‘घरी जातेय.’ झालं! कशासाठी, किती दिवस, काही नाही. आम्ही आपलं काळजी करत बसायचं.

मैत्री : आई गेली, काकू.

नंदाकाकू : अगं बाई! आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीस? या हो, आत या. आपण हिचे वडील ना? बसा, देशमुख.

रतन : रामटेके.

नंदाकाकू : काय म्हणालात?

रतन : रतन रामटेके. पोस्टमन होतो, तीस वर्सं टपाल वाटलं. देशमुख कोन, ताई?

मैत्री : मी, बाबा. या घरात मी देशमुख आहे.

नंदाकाकू : थांबा. रामटेके… ही गेली त्या दिवशी दुपारी तीनदा फोन आला होता. ‘बेबीले द्या, बेबी रामटेकेले.’

रतन : मीच होतो तो. घरी बेबीच म्हनतो ना आम्ही. घाईत तेच तोंडात आलं. हिचा मोबाईल दुरुस्तीले, म्हनून तुमच्या घरी लावला.

नंदाकाकू : मी म्हटलं, इथे बेबी नाही नि रामटेकेही नाही. लोकांची झोपायची वेळ तरी बघत जा. तिसऱ्यांदा तर रिसीव्हरच काढून ठेवला. अरे देवा! आणि ही कुठे होती?

मैत्री : मधल्या खोलीत. रात्रपाळी करून झोपले होते. फोनची घंटा ऐकली मी, काकू. वाटलं, तुमच्या लेकाचा असेल. कूस बदलली. संध्याकाळी कंपनीत गेले तर टेबलावर नागपूरहून आलेला निरोप. तोवर आई गेली होती.

नंदाकाकू : पण का गं खोटं लिहिलंस? माझ्या लेकानं वेबसाइटवर जाहिरात टाकली, त्या फॉर्ममध्ये जातीचा रकाना तरी होता का?

मैत्री : आडनावाचा होता ना.

नंदाकाकू : म्हणून काय…

मैत्री : अकरा घरांना फॉर्म पाठवला होता. कोथरूडपासून पेठांपर्यंत. खरं नाव, खरं गाव, सगळं खरं. एकाचं उत्तर नाही. त्या अकरांत तुमचं घर होतं, काकू. मग नवं खातं उघडलं, एक आडनाव तेवढं बदललं. तासाभरात तुमचा फोन आला.

नंदाकाकू : …लेक बघायचा ते सगळं.

मैत्री : हो.

नंदाकाकू : नाही. त्याला मीच सांगितलं होतं. ‘घराण्यातली बघ’ म्हणून. आता खोटं कशाला बोलू! पण सगळेच लिहितात गं थोडंफार. मी नाही ‘चोवीस तास पाणी’ लिहिलं?

मैत्री : पाणी नसलं तर बादली भरून ठेवता येते, काकू.

रतन : बेबी, मले काहून नाही सांगतलं तू? वर्स झालं तुले इथं.

मैत्री : आईला सांगितलं होतं. ती म्हणाली, ‘बाबाले नको सांगू. जलमभर त्या नावानं ताठ मानेनं फिरला मानूस. त्याले लागन.’

रतन : तिले मालूम होतं?

मैत्री : हो.

रतन : तिले मालूम होतं…

मैत्री : बाबा, काय झालं? बसा ना.

रतन : तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता तिच्या. मी पुतण्याच्या मोबाईलवरून इथं फोन लावला का ती हात पुढे करे. मास्क ओढे. तिन्ही वेळा. मले वाटलं, पानी मागते. मी म्हनलं, थांब, बेबी येते आता फोनवर. अन् चमच्यानं पानी पाजत राह्यलो.

मैत्री : बाबा…

रतन : फोन मागत होती थे. कोन्या नावानं बोलवाचं, तिलेच मालूम होतं ना.

नंदाकाकू : माझंच चुकलं हो. नुसतं ‘थांबा, विचारते’ म्हटलं असतं तरी…

रतन : तुमाले काय म्हनू, ताई? मी बाप असून पानी पाजलं.

मैत्री : काकू, सामान न्यायला आलोय आम्ही. खोली रिकामी करते.

नंदाकाकू : नको जाऊस. हे बघ, राहा तू. दारावर रामटेकेच लिही. यापुढे कुणाचाही, कधीही फोन येऊ दे. बेबी म्हणोत, रामटेके म्हणोत, झोपेतून उठवीन तुला.

रतन : कोन करन आता, ताई? फोन तिची मायच लावाची. मी बाजूले बसून आयकत होतो.