अप्पाकाकांची चूल

कोंबड्यांच्या खाद्यातल्या एन्झाइमला नावं ठेवताय म्हणून सांगते, दोष दर वेळी पावडरीचाच असतो असं नाही. आमच्या अप्पाकाकांचं सरदारपुरजवळ ब्रॉयलर कोंबड्यांचं शेड आहे. मका महागला तेव्हा त्यांनी दाण्यात तांदळाचा कोंडा आणि सूर्यफुलाची पेंड वाढवली. एवढा चोथा पक्ष्यांना पचावा म्हणून मीच त्यांना एन्झाइमची पावडर दिली. कोंबड्यांची डॉक्टर ना मी! तरी पक्ष्यांचं वजन वाढेना, आणि चिकट विष्ठेने खालचा भुसा सारखा ओला.

"बेटा, तुझी दवाई नकली आहे," काका फोनवर म्हणाले.

मी तणतणतच गेले. बघते तर काका चुलीवर पाणी उकळून ते पावडर घातलेल्या दाण्यावर ओतत होते.

"अहो काका, उकळत्या पाण्याने एन्झाइम मरतं! दाणा कोरडाच द्यायचा."

"थंडी किती आहे बघ. गारढोण कसं घालू? तुझी काकू असती तर ओरडली असती."

काकूला जाऊन वर्षही झालं नव्हतं. मी आवाज खाली आणला आणि पुन्हा समजावलं. काकांनी चूल विझवली.

पुढच्या खेपेला गेले तर भुसा कोरडा, पक्षी चांगले भरलेले. दुपारी काकांनी जेवायला डबा उघडला. शेजारून सकाळी आलेली खिचडी पार गार झाली होती.

"आणा इकडे, गरम करून देते."

"राहू दे गं," काका म्हणाले. "चूल मी त्या पक्ष्यांसाठीच पेटवत होतो."