पाण्याचं तापमान, दशांशासकट

...आणि वर मला म्हणते, "काका, मनाला लावून घेऊ नका!" आता तुम्हीच सांगा, नऊ वर्षं, चारशे बारा डाइव्ह, प्रत्येक वेळचं पाण्याचं तापमान दशांशासकट लिहिलेली वही, ती ही कालची पोरगी पाच मिनिटांत रद्दीत काढणार, आणि मी मनाला लावून घ्यायचं नाही? मग कुठे लावायचं?

थांबा, पहिल्यापासून सांगतो. मी औषधाच्या दुकानात उभा राहणारा माणूस. मिलिग्रॅमचा माणूस! आणि रविवारी मी नि बायको समुद्रात डाइव्ह मारतो, पाठीवर हवेची टाकी, मनगटावर डाइव्ह कॉम्प्युटर. दिसायला घड्याळ, पण किती खोल गेलात, किती वेळ झाला, पाणी किती डिग्री, सगळं सांगतं. आणि माझं एकच म्हणणं, आकडा म्हणजे आकडा! तिथे 'मला वाटतं' नाही, 'अंदाजे' नाही.

आता आमची ही. हिला पाणी कायम गार! वर आली की ओठ निळे, दात कडकडा वाजताहेत. "अहो, बर्फ होतं हो पाणी!" मी मनगट पुढे करायचो. "उडी मारताच पाहिलंय, एकोणतीस पॉइंट दोन." "अहो, पण मला थंडी..." "अगं, एकोणतीसला थंडी वाजत नाही." "वाजतेय ना मला!" "ते तुझ्या मनाचे खेळ." नऊ वर्षं बिचारी पाण्यात घालायचा जाड सूट मागत होती. बिचारी आत्ता म्हणतोय हं, तेव्हा नव्हतो म्हणत. एकोणतीसला जाड सूट कशाला? आकडा म्हणजे आकडा! मग ती काय करायची, डाइव्हच्या वहीत सोबत्याची सही लागते ना, त्या सहीशेजारी एक शब्द खरडून ठेवायची. 'बरं.' 'गार.' 'फार गार.' एकदा तर 'मेले.' म्हटलं लिही बाई, शाई काय तुझ्या जिवापेक्षा महाग आहे?

तर ही पोरगी. समुद्र-संशोधन केंद्रातली. म्हणाली, आपल्या खाडीत गेल्या दोन वर्षांपासून तरंगता थर्मामीटर आहे, पण त्याआधीच्या सात वर्षांचं काहीच नाही, कुणाकडे वह्या असतील तर आणा, चांगली वही निघाली तर तक्त्यावर नाव छापू. नाव छापून! मी वहीला नवं कव्हर घातलं, इस्त्रीचा शर्ट घातला, आणि बोट किनाऱ्याला लागल्या लागल्या तिच्यापुढे हजर. तिनं काय केलं, एक बादली, बादलीत पाणी, त्यात प्रयोगशाळेतला थर्मामीटर, आणि आम्हा सात जणांचे सात कॉम्प्युटर आत सोडले. थर्मामीटर म्हणतो चोवीस. एक कॉम्प्युटर तेवीस, एक पंचवीस, एक साडेपंचवीस, म्हणजे एका बादलीत सात मतं! आणि माझा? तीस पॉइंट चार.

"काका, हा बोटीवर कुठे ठेवता?" "इंजिनाच्या झाकणावर. तिथे पाणी उडत नाही." "आणि आकडा कधी बघता?" मी छाती पुढे काढून, "उडी मारल्यावर पहिल्याच मिनिटाला! ताजा! अंगाची ऊब लागायच्या आत!" तिनं कॉम्प्युटर उलटा करून पाहिला. मग अगदी हळू, डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात तशी म्हणाली, "काका, तापमान मोजणारा सेन्सर आत असतो हो, डबीत. त्याला पाण्याइतकं गार व्हायला आठ-दहा मिनिटं लागतात. नऊ वर्षं तुम्ही इंजिनाच्या झाकणाचं तापमान लिहिलंय."

दशांशासकट!

मी म्हटलं, पाच-सहा वजा करा की सगळीकडे. तर म्हणे, ऊन असेल तेव्हा झाकण किती तापलं, ढग असतील तेव्हा किती, कसं कळणार? बरोबरच होतं तिचं, त्याचाच राग आला. मी वही उचलणार तेवढ्यात, "एक मिनिट, हे 'फार गार' कुणी लिहिलंय?" मागून आमची ही, "मी." झालं! गेल्या दोन वर्षांच्या नोंदी त्या तरंगत्या थर्मामीटरशी ताडून पाहिल्या. 'बरं' म्हणजे सत्तावीस, 'गार' म्हणजे चोवीस, 'फार गार' बावीस, 'मेले' एकोणीस. एकदाही चूक नाही! तक्ता छापला. नाव हिचं. खाली मुंगीएवढ्या अक्षरात माझं: 'वही यांची.'

लाज वाटली हो, खरंच वाटली. नऊ वर्षं माणूस शेजारी कुडकुडतंय आणि मी मनगट दाखवतोय! दुसऱ्याच दिवशी हिला जाड सूट आणला. आणि त्या रविवारी पाणी असं, असं गार, की चौथ्या मिनिटाला मी स्वतःला मिठी मारून खूण केली, थंडी, वर चल. हिनं माझं मनगट धरलं, वळवलं आणि माझ्याच डोळ्यांसमोर धरलं. अठ्ठावीस. सवय हो, पुन्हा झाकणावरच ठेवला होता! वर आल्यावर मला म्हणते, "अठ्ठावीसला थंडी वाजत नाही हो. आकडा म्हणजे आकडा." आणि वहीत सही करून लिहिलं, 'बरं.'

वहीतली नवी नोंद आता दर वेळी त्या पोरीला पाठवायची असते; दोन दिवसांनी तिचा फोन. "काका, खाडीत एकोणीस होतं, काकूंनी 'बरं' कसं लिहिलं?" सांगितलं जाड सुटाचं. "अरेरे," म्हणाली, "म्हणजे आता काकूंचाही सेन्सर डबीत गेला. मग असं करा, तुम्ही पातळ सूटच घाला. कॉम्प्युटर घरी ठेवा. आणि वर आल्यावर काय वाटलं, तेवढं एका शब्दात लिहीत जा."

परवाच पहिली नोंद केली. दशांश नाही, काही नाही.

'मेलो.'